एका कांजीची भावकी : टिळकवाडीतल्या जपानी क्लासबद्दल माझं मत

बेळगावात कुणाला जपानी शिकायचं म्हटलं की सगळे दोनच सल्ले देतात, पुण्याला जा नाहीतर ऑनलाईन लाव. तिसरा पर्याय गावातच आहे आणि तो मला इतका पटलाय की त्याच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला एका बाईंच्या घरी शनिवार-रविवारी जपानीचा क्लास चालतो, बोर्ड नाही, जाहिरात नाही, क्लासला नावसुद्धा नाही, पोरं आपापसात नुसतं ‘बाईंकडे’ म्हणतात. बाई बरीच वर्षं पुण्यात होत्या, तिथेच भाषा शिकल्या, कंपन्यांसाठी भाषांतराचं काम केलं आणि आता घरच्यांसाठी परत बेळगावला आल्यात. नाव-नंबर कुठे टाकू नका म्हणून त्यांनीच सांगितलंय, त्यामुळे ते इथे नाही. टिळकवाडीत चौकशी केलीत तर सापडतील.

मी उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट होतात आमच्याकडे. क्लासमधले बाकीचे म्हणजे एक खानापूरकडची नर्सिंग झालेली पोरगी, एक निपाणीहून येणारा डिप्लोमावाला, दोन-तीन इंजिनिअरिंगची पोरं आणि एक रिटायर्ड काका जे निव्वळ आवड म्हणून येतात. नर्सिंगवाल्या पोरीसारखे आता बरेच जण दिसतात कारण जपानने 2019 मध्ये कौशल्य असलेल्या परदेशी कामगारांसाठी तोकुतेइ गिनोऽ नावाचा व्हिसा सुरू केला, 2021 मध्ये भारताशी त्याचा करार झाला, आणि त्यासाठी एन-फोर (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) किंवा त्याच्या बरोबरीची एक बेसिक परीक्षा पास व्हावी लागते. म्हणजे हौस म्हणून येणारे आणि पोटापाण्यासाठी येणारे एकाच चटईवर बसतात. (जपानी शब्दांत जिथे ‘ऽ’ टाकलाय तिथे स्वर लांबवायचा.)

आता मुद्द्याचं. या क्लासची खासियत म्हणजे शब्द शिकवायची पद्धत. यादी नाही. धडा पहिला, शब्द चाळीस, अर्थ समोर, पाठ करून या, असलं काही नाही. त्याआधी मी एका ऑनलाईन कोर्सचे पैसे भरले होते, तिथे नुसत्या पीडीएफ यायच्या, इंग्रजी एबीसीडीच्या क्रमाने लावलेले शब्द, ‘बँक’च्या शेजारी ‘अंघोळ’ आणि ‘अंघोळी’च्या शेजारी ‘पक्षी’ (बँक, बाथ, बर्ड), आज पाठ केलेलं परवा शिल्लक राहायचं नाही कारण एका शब्दाचा दुसऱ्याला आधारच नाही. बाईंकडे एका वेळी एकच कांजी घेतात, कांजी म्हणजे जपानी लिपीतलं स्वतःचा अर्थ असलेलं चिन्ह. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मधोमध ती मोठी काढतात आणि मग तिच्यापासून तयार झालेले शब्द चारी बाजूंनी लिहीत जातात. त्याला बाई त्या कांजीची भावकी म्हणतात. आडनाव एक, घरं वेगळी, प्रत्येकाचा धंदा वेगळा, पण मूळ कुठलं ते बघितल्याबरोबर कळतं. ही एकच गोष्ट डोक्यात बसली की जपानी शब्दांची भीती निम्मी होते, हे मी मनापासून सांगतोय.

उदाहरण म्हणून पाण्याचीच कांजी सांगतो कारण माझ्यासाठी सगळं तिथेच उलगडलं. चार रेघांची कांजी आहे, मध्ये एक उभी रेघ, खाली डावीकडे आकड्यासारखी वळलेली, आणि दोन्ही बाजूंना उडालेल्या शिंतोड्यांसारख्या रेघा. एकटी आली तर वाचायची ‘मिझु’, म्हणजे पाणी. पण दुसऱ्या कांजीला चिकटली की बहुतेक वेळा ती ‘सुइ’ होते. सुइदोऽ म्हणजे पाण्याची वाट, अर्थात नळाचं पाणी, वॉटर सप्लाय. सुइएइ म्हणजे पोहणं. सुइतोऽ म्हणजे शाळेत न्यायची पाण्याची बाटली. सुइदेन म्हणजे पाणी भरलेलं भाताचं शेत. कोऽसुइ म्हणजे सुगंध अधिक पाणी, अत्तर. चिकासुइ म्हणजे जमिनीखालचं पाणी. सेस्सुइ म्हणजे पाणी जपून वापरणं, आणि दानसुइ म्हणजे तोडणे अधिक पाणी, नळाला पाणी येणार नाही हे सांगायचा शब्द.

निपाणीच्या पोराने विचारलं, ‘बाई, मग मिझु कधी म्हणायचं आणि सुइ कधी ओ?’ यावर बाईंनी जे उत्तर दिलं त्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहितोय असं समजा. त्या म्हणाल्या, ‘तू पाणी कधी म्हणतोस आणि जल कधी म्हणतोस ते सांग बघू.’

थोडा वेळ सगळे गप्प, आणि मग जो तो बोलायलाच लागला. जेवताना कुणी ‘जल दे’ म्हणत नाही, पाणीच म्हणतो. पण जोडशब्द आला की जलतरण, जलाशय, जलवाहिनी, जलसिंचन, जलचर. पाणी आपलं घरचं, जल संस्कृतातून आलेलं, दोन्ही आपलेच, कुठे कुठलं वापरायचं हे कुणी शिकवलेलं नसताना आपण बरोबर वापरतो. जपानीत हुबेहूब हेच आहे. मिझु हा त्यांचा घरचा शब्द, त्याला कुन-योमी म्हणतात, आणि सुइ हा चीनमधून कांजीबरोबर आलेला उच्चार, त्याला ओन-योमी म्हणतात. इंग्रजी व्हिडिओत हे ‘टू रीडिंग्ज’ म्हणून असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटतं केवढी भानगड आहे, आणि आपण मराठी माणसं रोज सकाळी नळाला पाणी आलं म्हणतो आणि पेपरात जलवाहिनी फुटली वाचतो, आपल्याला यात नवीन असं काहीच नाही. क्लासमध्ये एक कन्नड बोलणारा पोरगा आहे, तो म्हणाला आमच्यात पण तसंच की, प्यायचं ते नीरु आणि पुस्तकात जलाशय. म्हणजे या भागातल्या माणसाला हे दोन-दोन भाषांतून आधीच येतं.

आणि बाई इतक्यावर थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आता मराठीत हा नियम मोडणारे शब्द सांगा. पाणीपुरवठा, पाणीपट्टी, पाणपोई, पाणबुडी. इथे जोडशब्द असूनही पाणीच आहे, जल नाही. तसेच जपानीत मिझुगी म्हणजे पोहायचे कपडे, मिझुइरो म्हणजे फिकट आकाशी रंग, मिझुतामारी म्हणजे रस्त्यावर साचलेलं डबकं. शिवाय पाणपोईत पाणीचं ‘पाण’ झालं ते बघा, जोडताना शेवटचा स्वर बदलला. जपानीत पाऊस म्हणजे आमे, पण पावसाचं पाणी आमामिझु, पावसातली छत्री आमागासा. आमेचं आमा झालं. पैसे किंवा धातू म्हणजे काने, पण हार्डवेअरचं सामान म्हणजे कानामोनो. तिथेही कानेचं काना. हे असं शेजारी ठेवून दाखवल्यावर पाठ करायला काही उरतच नाही. अपवाद पण नियमासारखे वाटायला लागतात.

संधीचंही तेच. पूर म्हणजे कोऽझुइ, पाण्याचीच कांजी आहे पण सुइचं झुइ झालंय. गाकु म्हणजे शिक्षण आणि कोऽ म्हणजे शाळेची इमारत, दोन्ही मिळून गाकुकोऽ न होता गाक्कोऽ होतं. आठवीत वाक् अधिक ईश वागीश आणि सत् अधिक जन सज्जन घोकलेलं ज्यांना आठवतंय त्यांना हे कानाला अगदी ओळखीचं लागेल. कारणं दोन्ही भाषांत तंतोतंत एक नाहीत, ते बाई स्पष्ट सांगतात, पण जीभ सोय बघते हे दोन्हीकडे खरं. तसं बघितलं तर काना नावाची त्यांची नुसत्या उच्चारांची लिपीसुद्धा आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी लावलेली आहे, आणि हा क्रम बौद्ध भिक्षूंनी जपानात नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे आपल्या वर्णमालेवरून आलाय. बाराखडी म्हणणाऱ्या पोराला हिरागाना, म्हणजे कानाचा पहिला शिकायचा प्रकार, परकी वाटायचं काही कारण नाही.

वारांचा तास तर मी घरी जाऊन बायकोला आणि पोरीला जसाच्या तसा सांगितला. बुधवार म्हणजे सुइयोऽबी, पाण्याचा वार. का? तर बुध ग्रहाला जपानीत सुइसेइ म्हणतात, पाणी अधिक तारा. मंगळ म्हणजे कासेइ, अग्नीचा तारा, म्हणून मंगळवार कायोऽबी. गुरू मोकुसेइ, लाकडाचा तारा, गुरुवार मोकुयोऽबी. शुक्र किनसेइ, सोन्याचा तारा, शुक्रवार किन्योऽबी. शनी दोसेइ, मातीचा तारा, शनिवार दोयोऽबी. सोमवार चंद्राचा आणि रविवार सूर्याचा हे तर त्यांच्यात आणि आपल्यात सरळ सारखंच. इंग्रजीतनं वार पाठ करणाऱ्याला वेन्सडे आणि पाणी यांचा काही मेळ लागत नाही. आपल्याला वार म्हटला की ग्रह आधीच माहीत असतो, फक्त ग्रह कुठल्या तत्त्वाचा ते शिकायचं, की सात वार झाले, पाच ग्रह झाले आणि अग्नी, पाणी, लाकूड, सोनं, माती, सूर्य, चंद्र या सात कांजी पण झाल्या. एका तासात. आणि या सातही कांजी जपानी शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायच्या 80 कांजींत आहेत.

यादीतल्या शब्दांपेक्षा हे जास्त टिकतं कारण प्रत्येक नवीन शब्द आधीच्या ओळखीच्या घरात राहायला येतो. शिवाय एक भावकी संपता संपता पुढची सुरू होते. पाण्याची कांजी दुसऱ्या कांजीच्या डाव्या बाजूला बसताना आकसते आणि नुसते तीन थेंब उरतात. त्या तीन थेंबांना सानझुइ म्हणतात. हे थेंब दिसले की समजायचं पाण्याचा, नाहीतर कसल्यातरी पातळ पदार्थाचा संबंध आहे. समुद्र उमी, तळं इके, घाम आसे, अश्रू नामिदा, धुणं आराउ, आणि तेल आबुरा, सगळ्यांत ते तीन थेंब.

तेल आलं तिथे माझ्या कामाचा शब्द आला. आमच्या शॉपमध्ये एक जुनं जपानी मशीन आहे, त्याच्या पॅनेलवर दोन कांजी आहेत आणि सगळे त्याला नुसतं ‘ते लाल बटनाच्या वरचं’ म्हणायचे. तेलाची कांजी जोडशब्दात ‘यु’ होते, दाब म्हणजे ‘आत्सु’, युआत्सु म्हणजे तेलाचा दाब, हायड्रॉलिक. तसंच सुइआत्सु म्हणजे पाण्याचा दाब आणि सेकियु म्हणजे दगड अधिक तेल, पेट्रोलियम. तेलाची कांजी क्लासमध्ये झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी शॉपवर गेलो आणि पॅनेलवरचं वाचता आलं. एवढा आनंद मला खूप दिवसांत झाला नव्हता, जवळच्या ऑपरेटरला बोलावून दाखवलं, तो म्हणाला, ‘अन् हे खालचं काय ओ?’ आणि मग खालचं वाचायला पुढच्या शनिवारी फोटो काढून घेऊन गेलो.

बाईंचा नियमच तसा आहे. प्रत्येकाने आपापल्या कामातले, घरातले शब्द आणायचे, ज्यात त्या आठवड्याची कांजी आहे. जिशो नावाची ऑनलाईन डिक्शनरी फुकट आहे, तिच्यात कांजी टाकली की तिचे शब्द मिळतात, तिथनं शोधायचे. नर्सिंगवाल्या पोरीने सुइबुन आणला, शरीरातलं किंवा अन्नातलं पाणी, पेशंटला पाणी कमी पडू द्यायचं नाही म्हणताना हाच शब्द लागतो. मिझुबुकुरे म्हणजे अंगावर येणारा फोड. मिझुमुशी म्हणजे पाणी अधिक किडा, पायाच्या बोटांत ओलीने होते ती चिखली. काकांनी मिझुइराझु आणला, शब्दशः ‘पाणी न घालता’, म्हणजे बाहेरचं कुणी नसताना फक्त घरच्यांनी एकत्र असणं. आणि मिझुकुसाइ, पाण्याचा वास येणारा, म्हणजे आपलं असूनही परक्यासारखं वागणारा. आपल्याकडे एखाद्याला पाण्यात बघतात, एखाद्या गोष्टीवर पाणी सोडतात, त्यांच्याकडे भांडण झालं गेलं पाण्यात वाहू देतात. या तासाला कुणालाच घरी जायची घाई नव्हती.

एक बारकी गोष्ट बाईंनी मधेच सांगितली ती जपानला जाणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे. मिझु म्हणजे फक्त गार किंवा साधं पाणी. गरम पाण्याला मिझु म्हणतच नाहीत, त्याला वेगळा शब्द आहे, ओयु. आपण गरम पाणी, गार पाणी म्हणतो म्हणून ‘गरम मिझु’ म्हणायला जाल तर ते चालत नाही. यादीत पाणी इज इक्वल टू मिझु एवढंच असतं, हे तिथे कळत नाही.

विजेची कांजीही अशीच मस्त झाली. तेरा रेघांची आहे, वरच्या भागात पाऊस बसलेला असतो, कारण वीज आधी आभाळातली. ढग, बर्फ, गडगडाट, धुकं, दव, सगळ्यांच्या डोक्यावर तोच पाऊस. उच्चार ‘देन’. देन्की वीज, देनवा म्हणजे वीज अधिक बोलणं, टेलिफोन. देन्शा म्हणजे वीज अधिक गाडी, लोकल ट्रेन. देन्ची म्हणजे वीज अधिक तळं, बॅटरी. विजेचं तळं! आणि तळ्याच्या कांजीत परत पाण्याचे तीन थेंब. जुऽदेन म्हणजे भरणे अधिक वीज, चार्जिंग. तेइदेन म्हणजे थांबणे अधिक वीज, लाईट जाणं, हा शब्द शिकवायला बाईंना काही खास करावं लागलं नाही, पावसाळ्याचे दिवस होते. गाडीच्या ‘शा’वरून पुढे जिदोऽशा म्हणजे मोटार, जितेन्शा म्हणजे सायकल, आणि माणूस, ताकद, गाडी या तीन कांजींचा जिनरिकिशा, ज्याच्यावरून रिक्षा हा शब्द आला. बेळगावच्या स्टँडवर उभा राहून आपण जपानी शब्द बोलत होतो हे मला आधी माहीत नव्हतं.

माझ्या आवडीची अजून एक सांगतो आणि मग उणिवांकडे येतो. कारागिरीची कांजी, तीनच रेघा, वर आडवी, खाली आडवी, मध्ये उभी, आय सेक्शनच्या गर्डरसारखी. कोऽजोऽ कारखाना, कोऽगु हत्यारं, काकोऽ मशीनिंग, कोऽतेइ प्रोसेस, कोऽजि बांधकाम, दाइकु सुतार, आणि कुफुऽ म्हणजे अडलेलं काम डोकं लावून, काहीतरी शक्कल काढून सोडवणं. उद्यमबागमध्ये जो कोणी शॉप फ्लोअरला काम करतो त्याला एवढे शब्द एका दमात मिळाले तर ड्रॉईंग आणि प्रोसेस शीट वाचायची सुरुवात तिथेच होते.

आता काय कमी आहे ते. सगळ्यात मोठी उणीव ऐकण्याची. क्लासमध्ये वाचणं, लिहिणं, शब्द याला भरपूर वेळ आणि ऑडिओला जेमतेम. जेएलपीटी देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. एन-फाइव्हला, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीला, 180 पैकी 80 पासिंग आहे पण ऐकण्याच्या भागात 60 पैकी कमीत कमी 19 वेगळे पडावेच लागतात, बाकी कितीही मार्क असले तरी. त्यामुळे ऐकण्याचा सराव घरी स्वतःचा स्वतः करावा लागेल, मी जाता-येता हेडफोन लावून करतो. बोलण्याची परीक्षा जेएलपीटीत नसतेच, पण नोकरीला जाणाऱ्याला बोलावं लागतं, आणि बोलण्याचा सरावही इथे कमीच आहे. बाईंना आम्ही सांगितलंय, त्या महिन्यातला एक रविवार फक्त बोलायला ठेवायचा विचार करतायत.

दुसरं, कांजीच्या भावकीत न येणारे शब्द मागे राहतात. जपानीत रोजचे कितीतरी शब्द नुसत्या हिरागानात किंवा काताकानात (कानाचाच दुसरा प्रकार) असतात. झुत्तो (सतत), दानदान (हळूहळू), चोत्तो (जरा) असले शब्द, किंवा कोप्पु (ग्लास), तेरेबी (टीव्ही) असले बाहेरून आलेले, यांना भावकीच नाही. ते बाई वेगळ्या कागदावर देतात, आणि तिथे मग पाठांतरच करावं लागतं. त्यासाठी मी मोबाईलवर आन्की हे पाठांतराच्या कार्डांचं ॲप वापरतो, अँड्रॉइडवर फुकट आहे, आपण विसरायला आलेलं कार्ड बरोबर वेळेला पुढे करतं. पण कार्ड स्वतः बनवा, दुसऱ्याचा तयार डेक घेतलात की परत यादीच झाली.

तिसरं म्हणजे कांजी सोपी असली तरी तिचा प्रत्येक शब्द सोपा नसतो. पाणी पहिलीतल्या पोरांची कांजी आहे पण दानसुइ आणि सेस्सुइ काही एन-फाइव्हला विचारत नाहीत. परीक्षेची अधिकृत शब्दयादी 2010 पासून छापत नाहीत, तरी साधारण अंदाज शिकवणाऱ्यांना असतो, त्याप्रमाणे बाई परीक्षेचे शब्द लाल पेनने आणि बाकीचे निळ्याने लिहितात. निळे पाठ नाही झाले तरी चालतील म्हणतात. माझं मत विचाराल तर निळेच जास्त लक्षात राहतात आणि लाल त्यांच्या बरोबर फुकट येतात, पण ज्यांची परीक्षा दोन महिन्यांवर आहे त्यांना हे पटणार नाही आणि त्यांचंही बरोबर आहे.

काही कांजी या पद्धतीला दाद देत नाहीत. जन्म आणि जगणं याची पाच रेघांची कांजी आहे, तिचे उच्चार इतके की भावकी सांभाळणं अवघड. सेन्सेइमध्ये सेइ, ज्याचा अर्थ आधी जन्मलेला, म्हणजे शिक्षक. इस्शोऽ म्हणजे आयुष्यभर, तिथे शोऽ. तान्जोऽबी म्हणजे वाढदिवस, तिथे जोऽ. एकटी असली तर नामा, कच्चं. क्रियापदात इकिरु जगणं, उमारेरु जन्मणं, हाएरु उगवणं. इकेबानाची (फुलं रचायची जपानी कला) पण तीच कांजी. तिथे बाईंनी सरळ सांगितलं, ही एका आठवड्यात करायची नाही, शब्द जसे भेटतील तसे आणून याच पानावर लिहीत जा. माझं ते पान अजून भरतंय. आणि अर्थ जोडून अंदाज करण्यालाही मर्यादा आहे. कानाझुचि म्हणजे हातोडा हे सरळ कळतं, पण पोहता न येणाऱ्या माणसालाही कानाझुचिच म्हणतात, ते कुठल्या कांजीवरून कळणार. म्हणून अंदाज करायचा आणि मग डिक्शनरीत बघायचंच, न बघता वहीत लिहिलेलं बाई खोडतात.

वेग पण कमी आहे हे मान्य करायला पाहिजे. जपानच्या रोजच्या वापरातल्या जोऽयोऽ कांजीच 2136 आहेत, आठवड्याला एक-दोन या वेगाने कुठे पोचणार असं कुणीही म्हणेल. पण पहिल्या साठ-सत्तर नीट झाल्या की पुढच्या आपोआप वेगाने येतात कारण त्या आधीच्यांचेच तुकडे घेऊन आलेल्या असतात, हे मी स्वतः बघतोय.

व्यवहाराचं थोडक्यात. फी महिन्याला 1200 रुपये, पुस्तक वेगळं. चौकडीची वही लागते, गणिताची असते ती चालते, मोठ्या चौकटीची घ्या. रेघांचा क्रम बाई फार कडक बघतात, क्रम चुकला की ती कांजी परत लिहावी लागते, सुरुवातीला कंटाळा येतो पण डिक्शनरीत बोटाने कांजी काढून शोधताना क्रम बरोबर असला की पटकन सापडते तेव्हा त्याचं महत्त्व कळतं. मराठीत शिकवतात, कन्नडवाल्यांना कन्नडमध्ये समजावतात, इंग्रजी लागेल तेवढंच. खोली लहान आहे, दहाच्या वर माणसं घेत नाहीत. गाडी लावायला गल्लीत जागा नसते, मेन रोडला लावून चालत या.

कुणी जावं? ज्यांच्या हातात सात-आठ महिने तरी आहेत, ज्यांना कारखान्यात, हॉस्पिटलमध्ये खरोखर जपानी वाचावं लागणार आहे, आणि शाळेत ज्यांना मराठीचा तास आवडायचा त्यांनी तर जावंच. ज्यांची परीक्षा पुढच्याच जुलैला किंवा डिसेंबरला आहे आणि अजून सुरुवातच नाही, त्यांनी आधी परीक्षेपुरता क्लास करून पुण्याचं किंवा बेंगळुरूचं सेंटर घेऊन परीक्षा देऊन टाकावी आणि मग इकडे यावं. नवीन बॅच दिवाळीनंतर आहे. जायच्या आधी हिरागाना पाठ करून जा, बाई पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायला लावतात आणि देवनागरीत उच्चार लिहायला फक्त पहिले चार आठवडे परवानगी आहे.